माझ्या पोटावर लागलेली पैज

"जीभ दाखवा, जावईबापू," डाव्या बाजूला बसलेले माझे सासरे म्हणाले.

मी जीभ बाहेर काढली. तेवढ्यात उजवीकडून माझ्या मेहुण्याने थर्मामीटर पुढे केला.

"आधी ताप बघू द्या, अप्पा. जीभ कुठं पळून जात नाही."

"ताप हाताला कळतो. त्याला काचेची काडी कशाला लागते?"

त्या दोघांच्या मध्ये मी तोंड उघडं टाकून पडून राहिलो. शेजारच्या खाटेवर माझे साडू पोरेसाहेब भिंतीकडे तोंड करून कण्हत होते. ते साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि शिफ्टच्या भोंग्यावर त्यांचं आयुष्य चालायचं, त्यामुळे कण्हणंही ठरावीक वेळाने यायचं.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालच्या अधिक वैशाखातली. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही पुरं झालं नव्हतं. अधिक महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, वर तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही आपली पद्धत. सासऱ्यांना दोन मुली, थोरली मंदा पोरेसाहेबांची बायको आणि धाकटी माझी, म्हणजे जावईही दोन, आणि दोघांचाही तो पहिलाच धोंड्याचा महिना. आम्ही दोघे सपत्नीक बोरखड्याला आलो. मिरजेपासून तीसेक किलोमीटरवरचं हे गाव. सासूबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते, हापूसचा रस काढला होता, आणि अनारसे तर आदल्या आठवड्यापासून तळून ठेवले होते.

चूक आमची होती, सासूबाईंची नव्हे. एकटा जावई असता तर चार आग्रहांनंतर त्याने ताटावर हात आडवा धरला असता. पण दोन साडू शेजारी बसले की आधी "पुरे" कोण म्हणणार, हा अब्रूचा प्रश्न होतो. पोरेसाहेबांनी रसाची सहावी वाटी घेतली म्हणून मी घेतली. मी पाचवा धोंडा घेतला म्हणून त्यांनी सहावा घेतला. माझी बायको वैजू पाठीमागून खुणा करत होती. मी त्या पाहिल्या, पण पोरेसाहेबांनी अनारशाकडे हात नेला होता आणि माझा नाइलाज झाला.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघेही एकाच खोलीत, दोन खाटांवर, पोट धरून आडवे झालो.

आता या घराची एक अडचण सांगायला हवी. माझे सासरे, अप्पा कुंभोजकर, हे पंचक्रोशीतले नावाजलेले वैद्य. घराच्या ओसरीवर डावीकडे त्यांची बैठक, मागे बरण्यांची फळी. थोरला मुलगा उल्हास एमबीबीएस होऊन आला आणि त्याच ओसरीवर उजवीकडे टेबल टाकून बसला. गावातली म्हातारी माणसं डावीकडे वळायची, लेकुरवाळ्या उजवीकडे. शहाणी माणसं डावीकडून पुडी घ्यायची, उजवीकडून गोळी घ्यायची, आणि बरं वाटलं की मारुतीला नारळ फोडायची. बापलेक एकमेकांशी वाईट नव्हते. पण औषधाचा विषय निघाला की सासूबाई मधली पितळी भांडी उचलून ठेवायच्या.

त्यात दोन महिन्यांपासून एक नवाच तिढा पडला होता. बाजारापर्यंत चालून आलं की अप्पांना धाप लागायची, छातीवर हात ठेवून ते पायरीवर बसून राहायचे. उल्हासदादांचं म्हणणं, मिरजेला जाऊन हृदयाची तपासणी करायची, आणि ताबडतोब. अप्पांचं म्हणणं, वात आहे, अर्जुनसाल चालू आहे, बघू. सासूबाई दोघांच्या मध्ये उभ्या राहून पदर तोंडाला लावायच्या. आम्ही जेवायला बसलो होतो त्या दिवशी सकाळीसुद्धा याच विषयावर ओसरीत खडाजंगी झाली होती, असं मला वैजूने सांगितलं होतं.

"दोघांचं दुखणं एक," उल्हासदादा थर्मामीटर झटकत म्हणाले. "एकाच पंगतीचं अजीर्ण. मी दोघांनाही गोळ्या देतो, सकाळपर्यंत उठून बसतील."

"गोळीनं मुरडा दबतो. अग्नी पेटत नाही."

"अप्पा, पोटात कसला अग्नी? पोटात आम्ल असतं."

"तुझ्या पुस्तकात असेल. माझ्या रोग्याच्या पोटात अग्नी असतो."

"तुमचा रोगी कोण? दोघांनाही मीच तपासतोय."

अप्पांनी मांडी बदलली आणि शांतपणे म्हणाले, "मग असं करू. एक तू घे, एक मी घेतो. पैज लावू. ज्याचा माणूस आधी उठून वाटीभर मुगाची खिचडी पचवेल आणि मारुतीपर्यंत चालून येईल, तो जिंकला. मी जिंकलो तर मिरजेचं नाव पुन्हा या घरात काढायचं नाही. तू जिंकलास तर परवा दहाच्या एसटीनं मी मिरजेला येतो, तू म्हणशील त्या यंत्रात झोपतो."

दारात उभ्या असलेल्या वैजूने आईचा हात घट्ट धरला. उल्हासदादा बापाकडे बघतच राहिले.

"शब्द?"

"शब्द. निवाडा तुझी आई करेल."

"मग मला कोण?"

अप्पांनी दोन्ही खाटांकडे पाहिलं. पोरेसाहेब म्हणजे पहिलवानाचा बांधा, तालमीत घुमलेलं शरीर. मी सोलापूरच्या टपाल कचेरीतला कारकून, पावसाळ्यात छत्रीबरोबर उडून जाईन असा. शिवाय त्यांच्यापेक्षा माझीच अवस्था वाईट होती, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"मी धाकट्या जावयांना घेतो," अप्पा म्हणाले.

मला गहिवरून आलं. सासऱ्याची माया दुबळ्या जावयावरच असायची, असं मला वाटलं.

अप्पांनी हिंग्वाष्टकाची पुडी दिली. हिंगाचा दर्प असा की खोलीतल्या माश्या निघून गेल्या. वर आल्याचा रस, लिंबू, सैंधव आणि ओव्याचा शेक. पोरेसाहेबांना उल्हासदादांनी गोळ्यांचं पाकीट दिलं, दर सहा तासांनी एक. दोघांनाही अन्न बंद. या एका बाबतीत दोन्ही शास्त्रं एका मताची होती. आमच्या अनारशांची दोन भांडी मात्र आमच्याच खाटांखाली राहिली, कारण वाण दिलेल्या वस्तूला सासूबाई हात लावायला तयार नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मला असा मुरडा आला की डोळ्यांपुढे सोलापूरचं टपाल दिसलं, सगळं एकदम वाटायला निघालेलं. चूर्णाचे दोन डोस झाले होते. थोडा फरक होता, पण फरक आणि आराम यांच्यात बरंच अंतर असतं. पलीकडे पोरेसाहेब खाटेवर उठून बसले होते.

"भूक लागलीय हो," ते कुजबुजले. "भोंगा झाला आमचा. या वेळेला मी डबा खातो."

"तुमच्या खाटेखाली आहेत की अनारसे."

"मंदानं सकाळी माझं भांडं उचलून नेलं. म्हणाली, तुमच्यावर भरवसा नाही." ते जरा थांबले. "तुमचं आहे का?"

मी खाली हात घालून पाहिलं. माझं होतं. पोरेसाहेबांनी आपल्या उशीखालून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि खाटेच्या कडेवर ठेवलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"एका गोळीला किती?" मी विचारलं.

"चार."

"तीन."

"तीन द्या. पण खसखशीची बाजू मोडलेले नकोत."

पैज मला आठवत होती, खोटं कशाला बोलू? अप्पांची छातीही आठवत होती. पण मुरडा आला की माणसाला स्वतःचं पोट सोडून दुसऱ्याची छाती आठवत नाही. मी दोन गोळ्या घेतल्या, सहा अनारसे दिले. पोरेसाहेबांनी ते पांघरुणाखाली डोकं घालून खाल्ले, आणि मला बाहेरून फक्त कुरकुर ऐकू येत राहिली.

चार वाजता मी उठलो. पोट कापसासारखं हलकं. चूर्णाने बरं वाटलं की गोळीने, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. सासूबाईंनी आणलेली खिचडी मी वाटी पुसून खाल्ली, मारुतीपर्यंत चालत गेलो, घंटा वाजवली आणि परत आलो. मला वाटलं, आता अप्पा मला पोटाशी धरतील.

अप्पा ओसरीवर होते. त्यांनी मला येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"एवढ्यात?" ते म्हणाले.

"तुमच्या हिंग्वाष्टकानं, अप्पा! अगदी चमत्कार!"

"नीट आठवून सांगा. कुठं तरी दुखत असेल. बेंबीच्या डावीकडं?"

"मुळीच नाही."

"ढेकर कसली येते? करपट?"

"येतच नाही."

"हं." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी कचेरीत चुकीच्या गावाचा शिक्का मारलाय. उजवीकडे टेबलाशी उल्हासदादा मान खाली घालून बसले होते. त्यांच्या वाट्याचा रोगी पुन्हा आडवा पडला होता आणि आता शिफ्टच्या मध्येही कण्हत होता.

सासूबाई बाहेर आल्या. निवाडा त्यांनाच करायचा होता. जो निकाल सांगायचा होता, तो त्यांनाच नको होता.

"थांब," अप्पा एकदम म्हणाले. "खिचडी खाल्ली म्हणजे पचली असं होत नाही. पचली का नाही हे सकाळी कळतं. निकाल उद्या."

सगळ्यांना वाटलं, काय हा माणूस, जिंकलेला डावसुद्धा शास्त्राप्रमाणे तपासून घेतो! मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी वैजू खोलीत आली आणि दार लोटून माझ्यापुढे उभी राहिली. तिचे डोळे सुजले होते.

"तुम्हाला बरं व्हायची एवढी काय घाई होती हो?"

"अगं, बरं वाटलं तर काय करू?"

"माझ्या अप्पांचा जीव तुमच्या पोटावर टांगलाय, आणि तुम्ही मारुतीला घंटा वाजवून आलात!" ती खाटेवर बसली आणि रडायलाच लागली. "अप्पा शब्द मोडणार नाहीत. एकदा जिंकले की मरेपर्यंत मिरजेला जाणार नाहीत. काल रात्रीसुद्धा आई उठून त्यांचा श्वास बघत होती."

तेव्हा मला माझी लाज वाटली. दोन गोळ्यांसाठी मी काय विकलं होतं, ते त्या क्षणी कळलं. मी तिला अनारशांचा सगळा सौदा सांगितला. तिने कपाळावर हात मारून घेतला आणि तडक मोठ्या बहिणीला बोलावून आणलं. मंदाताईंनी पुढची चौकशी केली नाही. त्यांनी पोरेसाहेबांचं पांघरूण ओढलं, उशीच्या खोळीत हात घातला, आणि दोन अनारसे व मूठभर चुरा बाहेर काढला.

"हे काय?"

"अगं, औषधाबरोबर काहीतरी पोटात असावं म्हणून..."

"आता गोळीशिवाय काही पोटात गेलं तर मी माहेरीच राहीन."

त्या रात्री मंदाताई नवऱ्याच्या खाटेशी पाटावर बसून राहिल्या, आणि मला वैजूने बजावलं, "उद्या सकाळी तुमचं पोट दुखायला हवं. कसं दुखवायचं ते तुम्ही बघा."

सकाळी आठला पोरेसाहेब टुणकन उठले. गोळ्या वेळेवर गेल्या होत्या, पोट रिकामं होतं आणि बायको पाटावर होती. एवढ्या तीन औषधांपुढे कुठलं अजीर्ण टिकणार? त्यांनी खिचडी खाल्ली, मारुतीला एकाऐवजी दोन फेऱ्या घातल्या. इकडे मी गुडघे पोटाशी घेऊन कण्हायला सुरुवात केली. आयुष्यात कधी नाटकात काम केलेलं नव्हतं. शाळेत एकदा झाड झालो होतो, तेवढंच.

"उलटलं की हो दुखणं!" वैजू दारातून ओरडली. ती माझ्यापेक्षा चांगली नट होती.

सगळं घर खोलीत जमलं. अप्पा आले, त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि माझ्या पोटात खरोखरच गोळा उठला. जिभेला फसवता येईल, पण नाडीला कोण फसवणार? चाळीस वर्षं मनगटं धरून बसलेला माणूस. त्यांची तीन बोटं माझ्या शिरेवर स्थिर झाली आणि मी डोळे मिटले.

"सगळे बाहेर व्हा," अप्पा म्हणाले. "नाडी बघताना कालवा नको."

दार लागलं. अप्पा हळूच म्हणाले, "नाडी ठणठणीत आहे, जावईबापू."

मी कण्हायचा थांबलो.

"अप्पा, चूक झाली. काल मी पोरेसाहेबांच्या गोळ्या खाल्ल्या. आणि आज..."

"आज वैजूनं सांगितलं म्हणून कण्हताय. पोर लहानपणापासून असलीच उपद्व्यापी." त्यांनी माझं मनगट सोडलं नाही. "तुमच्यासारखा काडीपैलवान मी मुद्दाम निवडला, आणि तुम्ही चोवीस तासांत उठून मारुतीला निघालात! काल मी किती बेंबी बेंबी म्हणून विचारलं तुम्हाला!"

मला काहीच कळेना. अप्पांनी आवाज आणखी खाली आणला.

"रोज पहाटे मी माझीच नाडी बघतो. दोन महिने झाले, मध्येच एक ठोका गळतो. मला काय झालंय ते कळायला यंत्र लागत नाही, आणि माझ्या अर्जुनसालीचं हे काम नाही, हेही कळतं. पण पोरगा म्हणाला म्हणून उठून गेलो, तर उद्या ओसरीवरचा माणूस म्हणेल, अप्पा स्वतःच्या जिवाला डाक्टर शोधतो आणि आपल्याला पुड्या बांधतो. पैजेत हरून गेलो तर म्हणतील, म्हातारा शब्दाला जागला." ते थांबले, त्यांना जरा धाप लागली होती. "हरायला म्हणून पैज लावली, आणि जावयानं मला जिंकवून ठेवलं."

मी म्हणालो, "अप्पा, आता काय करू?"

"कण्हा."

मी कण्हलो.

"हे काय कण्हणं? मोठ्यानं. उल्हासला ऐकू गेलं पाहिजे."

मी जीव तोडून कण्हलो. अप्पांनी उठून दार उघडलं आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नाही. दुखणं आत शिल्लक आहे. मी हरलो."

उल्हासदादांचा विश्वास बसेना. ते स्टेथोस्कोप घेऊन खाटेशी आले. माझ्या पोटावर त्यांनी बोटांनी ठोकून पाहिलं, दाबून पाहिलं, कानाला नळ्या लावून ऐकलं. मी नेमका ते दाबत नव्हते तेव्हा कण्हलो, आणि दाबलं तेव्हा विसरलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग वळून अप्पांकडे पाहिलं. अप्पा खुंटीवरची टोपी काढून ती झटकत होते, कारण नसताना, पुन्हा पुन्हा. उल्हासदादांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हो, अप्पा," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं निदान. अजून दोन दिवस तरी लागतील यांना."

त्या ओसरीवर बापलेकांचं औषधपाण्यावर पहिल्यांदाच एकमत झालं, आणि तेही माझ्या धडधाकट पोटाबद्दल.

दहाच्या एसटीला दोघे गेले. अप्पांची पिशवी उल्हासदादांनी घेतली होती आणि अप्पा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. फाटकाशी शेजारचे लोक जमले. "अप्पा, खरंच निघालात?" कुणीतरी विचारलं. "शब्द दिलाय ना," अप्पा ताठ मानेने म्हणाले. खिडकीतून मला ते दिसलं, आणि मी कण्हता कण्हता खरंच रडलो.

पण दोन वैद्यांनी मिळून दोन दिवस सांगितले म्हटल्यावर सासूबाई कुणाचं ऐकणार? मला दोन दिवस नुसती तांदळाची पेज. पोरेसाहेबांना बाहेर रस-पोळी चालू होती आणि वाटी चाटल्याचे आवाज मला भिंतीपलीकडून येत होते. वैजूने आईला खरं सांगून टाकायचा विचार केला, पण मीच नको म्हणालो. निकाल उलटला असता तर अप्पा मिरजेहून चालत परत आले असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उल्हासदादांच्या टेबलावरचा फोन वाजला. सासूबाईंनीच तो घेतला. बराच वेळ त्या नुसतं "हं, हं" म्हणत होत्या, आणि आम्ही सगळे श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. रिसीव्हर ठेवून त्या माझ्या खोलीत आल्या आणि पदराने डोळे पुसत खाटेच्या कडेवर टेकल्या.

"एक नळी तुंबली होती म्हणे. वेळेवर आणलंत म्हणाले डाक्टर. आता धोका नाही." मग त्या गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि तुमच्यासाठी ह्यांचा एक निरोप आहे, मला तर त्याचा काही अर्थ लागत नाही बाई. म्हणाले, जावईबापूंना सांग, आता बरे झालात तरी चालेल."